‘मला आडनाव नाही’ म्हणणाऱ्या तमिळ सहकाऱ्याचे कागद कसे लावायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या एचआरमध्ये असलेल्या ताईंकडे चेन्नईहून एक इंजिनिअर रुजू झालाय. दहावीची गुणपत्रिका, पदवी आणि आधार यांवर नाव ‘कार्तिक एस’. पॅनवर ‘सुब्रमणियन कार्तिक’. पासपोर्टवर गिव्हन नेम ‘कार्तिक’ आणि सरनेमचा रकाना कोरा. कंपनीच्या पोर्टलला आडनाव किमान दोन अक्षरांचं लागतं, म्हणून ते ‘एस’ घेत नाही. सात-आठ महिन्यांत त्याला अमेरिकेला पाठवायचं घाटतंय. शिवाय नुकतीच मुलगी झाली आहे, जन्म पुण्यातला, आणि जन्मदाखल्यावर तिचं नाव अजून घातलेलं नाही. ‘तो म्हणतो मला आडनावच नाही, मग मी पोर्टलवर टाकू काय?’ (नावं मी उदाहरणापुरती घेतली आहेत.)

ताई, पोर्टलचं उत्तर दोन ओळींत देता येईल, पण अडचण पोर्टलची नाहीच. एकाच माणसाची पाच कागदांवर तीन नावं आहेत आणि प्रत्येक कागद आपापल्या नियमाने बरोबर आहे. पोर्टलने फक्त पहिल्यांदा तक्रार केली. पुढे पीएफ, बँक, विमा आणि व्हिसा हीच तक्रार करणार आहेत, आणि तेव्हा ती महागात पडते.

आधी तो म्हणतो ते खरं आहे हे धरून चला. तमिळनाडूत बहुतेकांना आपल्यासारखं घराण्याचं आडनाव नसतं. स्वतःचं एक नाव आणि त्याच्या आधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, झालं. एस. कार्तिक म्हणजे सुब्रमणियन यांचा मुलगा कार्तिक. कधी त्याआधी गावाचंही आद्याक्षर लागतं: सी. एन. अण्णादुराईंमधला ‘सी’ म्हणजे कांजीवरम, इंग्रजी वळणाने लिहिलेलं. शाळा-कॉलेजच्या कागदांवर हे आद्याक्षर नावाच्या मागे जातं आणि ‘कार्तिक एस’ होतं. तो ‘एस’ आडनाव नव्हे. त्यामुळे त्याला ‘सुब्रमणियन सर’ म्हणालात तर तुम्ही त्याच्या वडिलांना हाक मारताय. तिथे सगळे त्याला कार्तिकच म्हणतात, अगदी त्याच्या हाताखालचेसुद्धा.

एक गोष्ट टाळा: ‘मग खरं आडनाव काय, अय्यर का?’ हा प्रश्न. तमिळनाडूत आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं. १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत नावामागची जात टाकून द्यायचा ठराव झाला. पेरियार यांनी स्वतःचं ‘नायकर’ सोडलं, आणि पुढच्या पिढ्यांत ती रीतच पडली. आपल्याकडे माटुंग्यातल्या जुन्या तमिळ कुटुंबांनी मुंबईच्या रिवाजाप्रमाणे अय्यर वगैरे आडनावं लावली, म्हणून आपला समज तसा होतो. चेन्नईहून थेट आलेल्या माणसाच्या फाइलवर कुणी कारकून आपल्या मनाने तसं काही लिहीत असेल तर त्याला लगेच थांबवा.

आता कागद वाचू. त्याच्या पॅनचं पाचवं अक्षर बघा. वैयक्तिक पॅनमध्ये चौथं अक्षर नेहमी ‘पी’ असतं आणि पाचवं हे अर्ज करताना ‘लास्ट नेम’च्या रकान्यात जे भरलं त्याचं पहिलं अक्षर. इथे ते ‘के’ निघेल असा माझा अंदाज आहे. पॅनच्या अर्जात पहिल्या आणि शेवटच्या नावात आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण नाव लिहावं लागतं. मग ज्याने अर्ज भरला त्याने ‘एस. कार्तिक’ जसंच्या तसं उलगडलं: फर्स्ट नेम सुब्रमणियन, लास्ट नेम कार्तिक. चेन्नईच्या कंपन्यांत असे ‘के’वालेही सापडतील आणि ‘एस’वालेही. पुढे नाव दुरुस्त केलं तरी पॅन नंबर बदलत नाही, पाचवं अक्षर तेच राहतं. तेव्हा दुरुस्तीनंतर कुणी ‘नंबर आणि नाव जुळत नाही’ म्हणालं तर घाबरू नका.

पासपोर्टवर सरनेम कोरं ठेवता येतं, पण आद्याक्षर लिहिता येत नाही. त्यामुळे अर्ज भरताना बरेच जण वडिलांचं नाव उलगडण्याच्या भानगडीत न पडता नुसतं ‘कार्तिक’ लिहून मोकळे होतात. भारतात त्याने काही अडत नाही. अडतं ते बाहेर.

अमेरिकी व्हिसाच्या बाबतीत पासपोर्टवर एकच नाव असेल तर ते सरनेमच्या जागी जातं आणि गिव्हन नेमच्या जागी ‘एफएनयू’ पडतं, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. मग तिकडचं सोशल सिक्युरिटी कार्ड, गाडीचं लायसन्स, बँक, घरभाड्याचा करार, सगळीकडे हा माणूस ‘एफएनयू कार्तिक’ होतो. ऑफिसच्या बिल्ल्यावर ‘फ्नू’ छापून येतं आणि लोक त्याला तसं हाकही मारतात. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण एकदा हे नाव तिथल्या नोंदींत शिरलं की काढायला प्रत्येक खात्यात वेगळा अर्ज लागतो, कारण ती सगळी खाती व्हिसाच्या आणि प्रवेशाच्या नोंदीकडे बघतात. आखाताचं काम निघालं तर वेगळी गाठ: नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देणं बंद केलं, मागच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत नंतर दिली. विमान कंपन्या तिकिटावर अशी नावं आपापल्या पद्धतीने भरायला सांगतात, म्हणून प्रत्येक वेळी त्या कंपनीला विचारावं लागतं.

म्हणून माझं मत असं: व्हिसा अजून लागलेला नसेल, तर अमेरिकेच्या अर्जाआधी पासपोर्टवर सरनेम घालून घ्या. आधीच व्हिसा लागलेला असेल किंवा कंपनीने ‘एफएनयू’ नावाने अर्ज टाकलेला असेल, तर गोष्ट बदलते. तेव्हा मधेच पासपोर्ट बदलू नका, कारण नावासकट नवा व्हिसा घ्यायची वेळ येऊ शकते. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारूनच पुढे जा. तुम्ही सांगताय त्यावरून हा पहिल्या गटातला दिसतो.

सरनेममध्ये घालायचं काय? पर्याय तीन आहेत. गिव्हन नेम कार्तिक, सरनेम सुब्रमणियन: याने तो परदेशात ‘मिस्टर सुब्रमणियन’ होतो. टपाल, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं वडिलांच्या नावाने येतं आणि अनेकांना ते खटकतं. दुसरा पर्याय उलटा, पॅनसारखा: गिव्हन नेम सुब्रमणियन, सरनेम कार्तिक. इथे औपचारिक पत्रात ‘मिस्टर कार्तिक’ बरोबर येतं, पण रोज बोलताना लोक त्याला ‘सुब्रमणियन’ किंवा ‘सुबू’ म्हणायला लागतात. विश्वनाथन आनंद हे याचं जगजाहीर उदाहरण: विश्वनाथन हे वडिलांचं नाव, आणि सगळं बुद्धिबळजगत त्याला ‘विशी’ म्हणतं. तिसरा पर्याय, दोन्ही नावं गिव्हन नेममध्ये आणि सरनेम कोरं, हा घेऊ नका. दिसायला दोन नावं दिसतात, पण सरनेम रिकामंच असल्याने ‘एफएनयू’ परत येतं. याच चुकीसाठी दुसऱ्यांदा पासपोर्ट काढणारे लोक असतात.

मी पहिला पर्याय सुचवतो. रोजच्या कामात हाक मारायचं नाव बरोबर राहणं जास्त महत्त्वाचं. दिवसाला पाच कॉल असतात, ‘मिस्टर’ लावून पत्र वर्षातून चारदा येतं. पण निर्णय त्याचा आहे, तुमचा किंवा माझा नाही. घरी बायकोशी आणि वडिलांशी बोलून त्याला ठरवू द्या.

ठरलं की लगेच अर्ज भरायला बसू नका. आधी वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तपासा. ‘सुब्रमणियन’ इंग्रजीत शेवटी ‘एन’ने लिहितात आणि ‘एम’नेही, मधे ‘आयए’ की ‘आयवायए’ हा आणखी एक घोळ. वडिलांचं स्वतःचं आधार, मुलाच्या पॅनवरचं वडिलांचं नाव, पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचं वडिलांचं नाव आणि मुलाचा जन्मदाखला, असे चार कागद शेजारी मांडा आणि अक्षर-अक्षर जुळवा. एकात ‘एम’ निघाला तर तो आधी सोडवा. इतकी वर्षं हे सगळं एका ‘एस’मागे लपलेलं असतं, आद्याक्षर उलगडलं की बाहेर येतं. आणि आपल्याकडे ऐकून लिहायची सवय असते, तिचाही त्रास होतो: तमिळ माणूस ‘त’साठी इंग्रजीत ‘टीएच’ लिहितो. कार्तिक, सविता, ललिता या सगळ्यांत एक ‘एच’ जास्त असतो आणि पुण्यातला कारकून तो हमखास गाळतो. नाव कधीही कानाने भरू नका, कागद समोर ठेवूनच भरा.

मग क्रम येतो, आणि क्रमातच बहुतेक लोक अडकतात. आधार बदलायला नव्या नावाचा पुरावा हवा, पॅन बदलायला नव्या नावाचं ओळखपत्र हवं, पासपोर्टला पुन्हा हेच सगळे. फिरून तिथेच. ही साखळी पासपोर्टपासून तोडून बघा. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ‘डॉक्युमेंट अॅडव्हायझर’ आहे. त्यात ‘रि-इश्यू’ आणि वैयक्तिक तपशिलात बदल हे निवडलं की त्याच्या बाबतीत नेमके कोणते कागद लागतील ते कळतं. वडिलांचं नाव पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आधीच छापलेलं असतं, ही त्याच्या बाजूची गोष्ट. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी त्यावर आणखी २,०००. पुण्यात राहायला आला असेल तर पत्ता बदलून पोलीस पडताळणी इथे होईल, आणि भाडेकरार नीट नसेल तर वेळ तिथेच जातो.

तेवढ्याने भागलं नाही तर सरकारी राजपत्र, म्हणजे गॅझेट. एकदा ‘कार्तिक एस आणि कार्तिक सुब्रमणियन ही एकच व्यक्ती’ असं राजपत्रात छापून आलं की आधार, पॅन, पासपोर्ट, बँक सगळे ते मान्य करतात. राज्याचं राजपत्र त्याच्या पत्त्याच्या पुराव्यावर ठरतं. तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांत तो मधेच लटकत असेल तर दिल्लीहून निघणारं केंद्राचं राजपत्र घ्यावं. याचा दुसरा उपयोग असा की दहावीचा आणि पदवीचा कागद मग बदलायची गरज राहत नाही. त्या वाटेला जाऊच नका. बोर्ड आणि विद्यापीठ यांच्याकडे नाव दुरुस्त करण्यात वर्ष जातं आणि हाती काही लागत नाही. व्हिसासाठी पदवी तपासली जाते तेव्हा ‘कार्तिक एस’ असलेली पदवी, सोबत राजपत्राची प्रत आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र असं जोडायचं.

पासपोर्ट आला की त्याच्या आधारावर आधारकार्डातलं नाव. इथे हात जपून चालवा: आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्याने आधीच एकदा बदललं आहे का, विचारा. आधार झालं की पॅन, त्यात फर्स्ट नेम कार्तिक, लास्ट नेम सुब्रमणियन असं सरळ करून. मग बँक. बँक विसरू नका, कारण प्राप्तिकराचा परतावा ज्या खात्यात यायचा त्याचं नाव पॅनशी जुळलं नाही तर खातं पोर्टलवर वैध ठरत नाही, आणि ही गोष्ट जुलैत विवरणपत्र भरल्यावर लक्षात येते.

पीएफ मी मुद्दाम वेगळा ठेवलाय. आज त्याच्या यूएएनवरचं (पीएफच्या कायमच्या क्रमांकावरचं) नाव बहुधा ‘कार्तिक एस’च असेल आणि ते आधारशी जुळत असेल. म्हणजे सध्या पीएफ हा एकच विषय सुरळीत आहे! तुम्ही आधार बदललंत की तो बिघडणार. म्हणून चेन्नईच्या जुन्या कंपनीकडून तुमच्याकडे रक्कम वर्ग व्हायचा अर्ज आधी पुरा होऊ द्या, पासबुकात आकडा दिसू द्या, आणि मगच आधारला हात लावा. त्यानंतर यूएएनवरचं नाव बदलणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधार जोडून मिळालेला यूएएन असेल तर जानेवारी २०२५ पासून सभासद नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव स्वतः ऑनलाइन दुरुस्त करू शकतो. कंपनीची किंवा पीएफ कार्यालयाची मंजुरी लागत नाही. त्याआधीचा असेल तर कंपनीने प्रमाणित करावं लागतं, म्हणजे ते काम तुमच्याकडे.

आता तुमचं पोर्टल. हे सगळं व्हायला काही महिने जातील आणि पगार तर या महिन्यात करायचाय. पोर्टलवर ‘लास्ट नेम’मध्ये टिंब, ‘एनए’, ‘एक्सएक्स’ किंवा पुन्हा ‘कार्तिक’ असं काही भरू नका. तुम्हाला ते तात्पुरतं वाटतं, पण तिथून ते पगाराच्या फाइलमध्ये, विम्याच्या कार्डावर आणि पीएफच्या नोंदीत उतरतं. आरोग्यविम्याच्या कार्डावर ‘कार्तिक एक्सएक्स’ आणि हातात ‘कार्तिक एस’चं आधार घेऊन माणूस रात्री रुग्णालयाच्या काउंटरवर उभा राहिला की कॅशलेस अडकतं. आयटीवाल्यांना सांगून दोन अक्षरांची अट त्याच्यापुरती उठवा आणि आधारप्रमाणे ‘एस’ भरा. ती उठत नसेल तर ‘सुब्रमणियन’ भरा, पण स्पेलिंग तपासून झाल्यावरच, म्हणजे पुढे तेच कायम होईल. विम्याच्या यादीत मात्र नाव आज हातात असलेल्या आधारप्रमाणेच जाऊ द्या, आणि आधार बदललं की विमा कंपनीला कळवा. ‘डिस्प्ले नेम’ वेगळं असतं, तिथे ‘कार्तिक’च दिसू द्या. नाहीतर त्याला पहिल्या दिवशी ‘डिअर एस’ अशी स्वागताची मेल जाईल.

तुमच्याकडे पोर्टल बदलायचा अधिकार असलेला कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी: आडनाव बंधनकारक ठेवू नका. पूर्ण नावाचा एक रकाना, हाक मारायच्या नावाचा एक, आणि पासपोर्ट, पॅन, आधार यांवरची नावं जशीच्या तशी वेगळी साठवा. गंमत म्हणजे अशी ‘किमान दोन अक्षरं’वाली तपासणी लिहिणाऱ्यांतही कार्तिक एस सापडतात, आणि चाचणीसाठी ते ‘जॉन स्मिथ’ वापरतात. मोठ्या कंपनीत ‘कार्तिक एस’ दहा-बारा असतात. मीटिंगचं निमंत्रण चुकीच्या माणसाला जाऊ नये म्हणून डिस्प्ले नेमच्या पुढे विभाग दिसेल अशी सोय करा.

राहिल्या बायको आणि मुलगी. बायको समजा प्रिया आर, वडील राजेंद्रन. लग्नानंतर काही जणी आद्याक्षर बदलून नवऱ्याचं लावतात, प्रिया के. तिचे कागद ‘आर’वर असतील तर बदलू नका. नवऱ्यासोबत जायच्या व्हिसाला एकसारखं आडनाव लागत नाही, विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो नसेल तर आत्ताच काढा. तिच्याही पासपोर्टवर सरनेम कोरं असेल तर वरचं सगळं तिलाही लागू, आणि दोघांचे अर्ज एकदम टाकलेले बरे.

मुलीचा विषय मात्र लांबवू नका. जन्मनोंदणीत बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे तिथे जे लिहाल ते तिच्यामागे आयुष्यभर येणार. तमिळ रीतीने ती ‘के. अदिती’, म्हणून दाखल्यावर सुरुवातीपासून ‘अदिती कार्तिक’ असं पूर्ण लिहा, आद्याक्षर नको. पासपोर्टवर गिव्हन नेम अदिती, सरनेम कार्तिक. मग एका घरात बापाचं सरनेम सुब्रमणियन, आईचं राजेंद्रन आणि मुलीचं कार्तिक अशी तीन सरनेम होतील. कायद्याने यात काही चूक नाही, पण परदेशातल्या शाळेत आणि विमानतळावर ‘ही तुमची मुलगी कशावरून’ हा प्रश्न येतो. ज्यांना तो नको असतो ते आजोबांचंच नाव सगळ्यांचं सरनेम करून टाकतात: अदिती सुब्रमणियन. लांबचा मुक्काम बाहेर असेल तर हे सोयीचं. दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर आपली रीत मोडायचं कारण नाही, जन्मदाखल्याची प्रत सामानात नको, हातातल्या बॅगेत ठेवली की झालं.

पुण्यात राहणार असतील तर शाळेच्या अर्जावर आणखी एक रकाना वाढलेला दिसेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रात शासकीय कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. इथे ‘अदिती प्रिया कार्तिक’ लिहून झाल्यावर आडनावाच्या जागी काय, असं कारकून विचारेलच. जन्मदाखल्यावर वडिलांच्या रकान्यात जे पूर्ण नाव असेल, ‘कार्तिक सुब्रमणियन’, तेच तिथे जुळवून घ्या, आणि अर्ज देण्याआधी मुलीच्या पासपोर्टवर कोणतं सरनेम ठरलंय ते त्या दोघांना पक्कं विचारून घ्या.